न्यूझीलंडच्या डोंगरात गाईडसोबत थारची शिकार: पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी सगळं सविस्तर

थारच्या, म्हणजे हिमालयातल्या डोंगरी बकऱ्याच्या, शिकारीबद्दल मला जे जे विचारतात त्यातल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न रायफलचा असतो. कुठली कॅलिबर, किती लांबून मारायचं, स्कोप कुठला. माझ्या मते हा प्रश्न पाचवा-सहावा यायला हवा. पहिला प्रश्न हा, की जनावर पडल्यावर मी तिथपर्यंत पोचू शकतो का आणि ते घेऊन धडधाकट खाली येऊ शकतो का. या डोंगरात गोळी लागणं त्यामानाने सोपंय, खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते, आणि गाईडला आपण जे पैसे देतो ते याच्यासाठी देतो असं मी आता ठामपणे सांगतो.

मी क्राइस्टचर्चला राहतो, गेली काही वर्षं दर हिवाळ्यात थारच्या मागे जातोय, सुरुवातीला गाईडसोबत आणि आता मित्रांसोबत. पुणे-मुंबईचे ट्रेकर, ऑस्ट्रेलियातले मराठी लोक, ऑकलंडचे आपले लोक असे बरेच जण विचारत असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

आधी थार म्हणजे काय

थार हा आपल्या हिमालयातला डोंगरी बकरा. तिकडे झारलही म्हणतात, इकडचे लोक "टार" म्हणतात. मी पहिला थार इकडे नाही पाहिला, उत्तराखंडात तुंगनाथच्या ट्रेकला पाहिला होता, समोरच्या कड्यावर, नुसता एक काळपट ठिपका. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पूर्ण संरक्षण आहे, शिकारीचा विषयच नाही, आणि ते योग्यच आहे कारण तिथे त्याच्यावर बिबटे आहेत, हिमबिबटे आहेत, चराईचा ताण आहे, संख्या घटतेय.

न्यूझीलंडची गोष्ट अगदी उलटी. इकडे माणसाच्या आधी जमिनीवरचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. १९०४ साली इंग्लंडमधल्या ड्यूक ऑफ बेडफर्डने भेट दिलेले मोजके थार माउंट कुकजवळ सोडले, पुढे अजून काही आले, आणि त्यांना खाणारं कोणीच नसल्याने ते सदर्न आल्प्स या डोंगररांगेभर पसरले. इथलं टसॉक गवत आणि उंचावरची फुलझाडं कुठल्याच बकऱ्याची सवय नसताना वाढलेली, कळप एका जागी बसला की उतार उघडा पडतो. म्हणून सरकारने १९९३ च्या नियंत्रण आराखड्यात थारची कमाल संख्या १०,००० ठरवली. ती पाळायला सरकारी हेलिकॉप्टरमधूनही थार मारले जातात, त्यावरून शिकारी आणि सरकारचं भांडण अधूनमधून पेटतं. मला स्वतःला वाटतं की गवत टिकलंच पाहिजे, आणि जे जनावर मरायचंच आहे ते कोणीतरी चालत जाऊन, निवडून मारावं आणि खावं.

कधी जायचं

थारला इकडे कायद्याने बंद हंगाम असा नाही, वर्षभर चालतं. पण नराची ती प्रसिद्ध आयाळ, गव्हाच्या काडाच्या रंगाची, वाऱ्यावर उडणारी, ती इकडच्या हिवाळ्यात, म्हणजे वर्षाच्या मध्याला, भरते. मे ते जुलै माजाचा काळ, नर माद्यांच्या कळपात उतरतात, दिवसाही हलतात, दिसतात. पहिल्यांदा येणाऱ्याने मे अखेर ते जून मध्य धरावं. जुलैत केस अजून छान असतात पण बर्फ जास्त, दिवस लहान, उतार गोठलेले. आयाळीचा हट्ट नसेल आणि मांस हवं असेल तर मार्च-एप्रिलला या, हवामान दयाळू असतं.

तारखा ठरवताना दोन दिवस जास्तीचे ठेवा. वायव्येकडून नॉर्वेस्टर वारा सुरू झाला की मुख्य रांगेवर धो धो पाऊस, नद्या एका दुपारीत फुगतात, मागोमाग दक्षिणेचा गार झोत येऊन बर्फ टाकतो. पाच दिवसांच्या ट्रिपमध्ये दोन दिवस घरात बसणं इथे नॉर्मल आहे. परतीचं विमान शिकारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं असलं की माणूस घाई करतो आणि घाई केली की चुका होतात.

गाईड कसा निवडायचा

दोन प्रकारची जमीन असते. एक खाजगी हाय कंट्री स्टेशन, म्हणजे डोंगरातली हजारो एकरांची मेंढ्यांची शेतं, टेकापो, ट्वायझल, फेअरली, रंगिटाटा या बाजूला. दुसरी सरकारी संवर्धन खात्याची, म्हणजे डॉकची जमीन. डॉकच्या जमिनीवर पैसे घेऊन गाईडिंग करायला गाईडकडे त्या खात्याची परवानगी लागते, ती आहे का हे सरळ विचारा. व्यावसायिक गाईडांची एक असोसिएशनही आहे, तिचा सदस्य आहे का ते बघा.

मग हे विचारा. शिकार पायी आहे का हेलिकॉप्टरने? काही ठिकाणी हेलिकॉप्टरने जनावर शोधून त्याच्याजवळच उतरवतात, तासाभरात काम होतं. ज्याचे गुडघे गेलेत त्याच्यासाठी असेल ते, पण मी कोणालाच सुचवत नाही, डोंगर बघायचाच राहून जातो. हेलिकॉप्टरने दरीत सोडणं आणि मग चार दिवस पायी हिंडणं हा वेगळा प्रकार, तो चांगला आहे. एका गाईडसोबत किती जण? एकास एक असेल तर उत्तम, एकास दोन चालेल, त्याच्या पुढे नको. गोळी लागून जनावर सापडलं नाही तर काय नियम? बहुतेक ठिकाणी जखमी झालं म्हणजे तुमचं झालं, ट्रॉफी फी भरायची, आणि ते बरोबरच आहे, पण आधी माहीत हवं.

पैशांचं नीट लिहून घ्या. रोजची फी, ट्रॉफी फी (मारलेल्या जनावराचे पैसे), हेलिकॉप्टर, टॅक्सिडर्मी (डोकं-कातडी भरून टिकवणं), हे सगळं वेगवेगळं असतं आणि वर १५ टक्के जीएसटी. माझ्या पहिल्या ट्रिपला "सगळं धरून" असा आकडा फोनवर सांगितला होता, शेवटच्या दिवशी हेलिकॉप्टरचं बिल वेगळं हातात आलं, लेखी काहीच नसल्याने बोलायला जागा उरली नाही. म्हणून ईमेलवर घ्या, प्रत्येक गोष्ट.

आणि एक प्रश्न मी हल्ली आवर्जून विचारायला लावतो: गेल्या वर्षी तुम्ही किती वेळा पाहुण्याला "मारू नको" म्हणालात, आणि का? चांगला गाईड यावर दहा मिनिटं बोलतो. जो नुसता शिंगांच्या इंचांचे आकडे सांगतो त्याला सोडा.

कागदपत्रं

भारतातून येणाऱ्याला व्हिजिटर व्हिसा लागतोच. स्वतःची रायफल आणायची किंवा एकट्याने वापरायची असेल तर व्हिजिटर फायरआर्म्स लायसन्स, अर्ज ऑनलाइन, किमान महिनाभर आधी करा. पण पहिल्यांदा येणाऱ्याला याची बहुधा गरज पडत नाही, कारण लायसन्स असलेल्या माणसाच्या थेट देखरेखीखाली, म्हणजे तो हाताच्या अंतरावर असताना आणि लगेच रायफल ताब्यात घेऊ शकेल अशा स्थितीत, बिनलायसन्सचा माणूस बंदूक चालवू शकतो. गाईडची रायफल वापरा, विमानतळावरची कटकट वाचते आणि ती रायफल त्या डोंगराला सेट असते. काडतुसं मात्र लायसन्सशिवाय विकत मिळत नाहीत. डॉकच्या जमिनीवर शिकारीचं परमिट लागतं, फुकट आहे, ऑनलाइन मिळतं, त्यातल्या अटी वाचा.

विमानतळावर बूट, गेटर्स (बुटावरून पोटरीपर्यंत घालायचं जाड आवरण), काठ्या, तंबू, जे काही मातीत वापरलंय ते फॉर्मवर जाहीर करा. सह्याद्रीतली लाल माती बुटाच्या तळात अडकलेली असते, घरीच ब्रश मारून धुवून आणा. जाहीर केलं की बघून परत देतात, लपवलं की दंड. घरून येणारा आईच्या हातचा मसालाही जाहीर करायचा, लाडूही.

शरीर

इथे मी जरा जास्त बोलणार आहे. थार साधारण १,२०० ते २,००० मीटरच्या पट्ट्यात मिळतो, म्हणजे हवा विरळ वगैरे काही नाही, आपलं कळसूबाईच १,६४६ मीटर आहे. अडचण उताराची आहे. पायवाट नसते. गुडघाभर टसॉक, त्याखाली ओलसर निसरडं, मध्येच स्पॅनियार्ड नावाचं झुडूप, ज्याची पानं म्हणजे अक्षरशः भाले, पँटीतून आरपार जातात, मग दगडांची घसरण, मग कडा. आणि हे सगळं पाठीवर १२-१५ किलो घेऊन, येताना जनावर असेल तर २५ च्या वर.

पुण्यातला माणूस असेल तर चार महिने आधीपासून आठवड्यातून दोनदा सिंहगड, पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरून १० किलोपासून सुरुवात. मुंबईकराने लोकलच्या पुलाचे जिने धरा, इमारतीचे जिने धरा. पण चढण्यापेक्षा उतरण्याची तयारी करा, हे कोणी सांगत नाही. मांड्या आणि गुडघे उतरताना जातात. राजगड-तोरणा एका दिवसात करून दुसऱ्या दिवशी जिना सरळ उतरता येत असेल तर तुम्ही तयार आहात.

सामान

बूट हीच खरी खरेदी. आपल्याकडे गडांवर चालणारे मऊ तळाचे बूट इथे कामाचे नाहीत, घोट्याच्या वर येणारे, तळ जवळजवळ न वाकणारे, ज्यांना क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे धातूचे काटे) बसवता येतात असे बूट घ्या आणि किमान दोन महिने घालून फिरा. गेटर्स हवेतच, स्पॅनियार्डपासून तेच वाचवतात. आत मेरिनो लोकरीचे पातळ थर, वर पाऊस अडवणारं जॅकेट, एक जाड डाउन जॅकेट थांबल्यावर घालायला. सुती कपडा, जीन्स, बनियन सुद्धा, काही नको, ओलं झालं की अंगातली ऊब शोषून घेतं. क्रॅम्पॉन, आइस ॲक्स, हेल्मेट गाईड देतो का विचारा, आणि देत असेल तर पहिल्या दिवशी सपाट बर्फावर तासभर वापरायला शिकवायला सांगा.

१०x४२ ची चांगली दुर्बीण उसनी मिळाली तरी चालेल पण हवी, दिवसाचा बराचसा वेळ तुम्ही दुर्बिणीतून बघत बसणार आहात. आणि पीएलबी, म्हणजे बटण दाबलं की उपग्रहातून बचाव पथकाला जागा कळवणारं छोटं यंत्र. गाईडकडे असतंच, ते त्याच्या बॅगेत नेमकं कुठल्या खिशात आहे ते तुम्हालाही माहीत हवं, कारण पडणारा गाईडही असू शकतो.

झोपडीत, म्हणजे इकडच्या हटमध्ये, मुक्काम असेल तर बूट रात्री आत घ्या. किआ नावाचे हिरवे पोपट असतात, पहाटे येऊन रबर, नाड्या, शिवण सगळं कुरतडतात. माझ्या एका गेटरचा पट्टा असाच गेला. त्यांना संरक्षण आहे, हुसकवायचं नाही, खायला द्यायचं नाही.

आता रायफल

.२७०, ७एमएम-०८, .३०८ यातलं काहीही चालतं, बोल्ट ॲक्शन (दर गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायची), वर सप्रेसर (आवाज दाबणारी नळी). सप्रेसर इकडे कायदेशीर आहे आणि सगळे लावतात, कान वाचतात आणि धक्काही कमी बसतो. २०० मीटरला झिरो केलेली असते साधारण, म्हणजे त्या अंतरावर जिथे नेम धरला तिथेच गोळी लागते. पहिल्या दिवशी गाईड तुम्हाला टार्गेटवर चार-पाच गोळ्या मारायला लावेल, तेव्हा बेंचवर नको, बॅगेवर टेकवून, पोटावर झोपून, तिरक्या उतारावर मारून बघा. तुमचे पाचही फटके ज्या अंतरापर्यंत ताटलीएवढ्या गोलात बसतात ते तुमचं अंतर, त्याच्या पुढे एक मीटरही नाही. माझं अजूनही २८० आहे आणि मी ते गाईडला आधीच सांगायचो.

उताराचं गणित समजून घ्या. वर किंवा खाली तिरकं मारताना गोळी आपल्या अंदाजापेक्षा वर लागते, कारण गुरुत्वाकर्षण आडव्या अंतराएवढंच काम करतं. समोर ३०० मीटर दिसतंय पण ४० अंश खाली, तर २३० समजून मारायचं. चांगले रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजणारी यंत्रं, हे स्वतः करून दाखवतात.

दुसरी फसवणूक आयाळीची. मानेवर, खांद्यावर, छातीखाली केस लोंबतात, जनावर आहे त्यापेक्षा उंच दिसतं, आणि नवखा माणूस मध्य धरून मारतो म्हणजे वरच लागते. पुढच्या पायाच्या रेषेत, अंगाच्या खालच्या तिसऱ्या भागात धरा. आणि पहिली गोळी लागली तरी बोल्ट ओढून दुसरी तयार, थार चिवट असतो, जखमी होऊन दहा पावलं गेला तरी ती दहा पावलं कड्यावरून खाली असू शकतात.

प्रत्यक्ष दिवस

पहाटे अंधारात निघून उजाडताना दुर्बीण लावून बसायचं. उन्हं ज्या उतारावर आधी पडतात तिथे कळप येतात, रात्रभर गारठलेले असतात. सकाळी थंड हवा दरीत खाली सरकते, उन्हं तापली की वारा उलटा वर चढतो, म्हणून दहा-अकरापर्यंत थांबून वारा स्थिर झाला की वरून वळसा घालून उतरायचं. थारचं लक्ष खाली असतं, धोका खालून येतो असं त्याला वाटतं, वरून येणाऱ्याकडे तो उशिरा बघतो.

नर ओळखायला घाई नको. शिंगांवर वर्षाच्या कड्या असतात, झाडाच्या खोडासारख्या, स्पॉटिंग स्कोपमधून (तिवईवरची जास्त ताकदीची दुर्बीण) मोजता येतात. १२ इंचांच्या वरचं शिंग म्हणजे चांगला नर, पण मी वयाला महत्त्व देतो, सात-आठ कड्यांचा म्हातारा, तोंड काळं झालेला, शिंगांची टोकं झिजलेली. तीन-चार वर्षांचा देखणा पोऱ्या सोडून द्या. गाईडच्या परवानगीने एखादी मादी मांसासाठी घेतलीत तर गवताला त्याचा उपयोग जास्त आहे, कारण पुढच्या वर्षीची पिल्लं माद्याच देतात.

दुर्बिणीतून पूर्ण जनावर ओळखल्याशिवाय रायफलच्या स्कोपमधून बघायचंच नाही. या देशात माणसाला हरीण समजून माणूस मारला गेल्याच्या घटना घडल्यात, आणि मारणारा पुष्कळदा त्याच्याच ग्रुपमधला.

बोट ट्रिगरवर जायच्या आधी

माझ्या दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. मोठा नर, २४० मीटर, एका अरुंद गवताळ पट्ट्यावर आडवा उभा. वारा बरोबर, बॅग बरोबर, श्वास बरोबर. गाईड म्हणाला, थांब, त्याला वीस पावलं उजवीकडे येऊ दे. मी थांबलो नाही. गोळी छान लागली, नर जागेवर बसला, मग हळूच कलंडला, आणि पट्ट्याच्या कडेवरून गेला. आवाज ऐकू येत राहिला, दगडांचा, खूप वेळ. दुर्बिणीतून बघितलं तर खाली दोन कड्यांच्या मधल्या फळीवर पडला होता, आयाळ वाऱ्यावर हलत होती. गाईडने दोन्ही बाजूंनी वाट शोधली, दोरी लावून अर्ध्यापर्यंत गेला, आणि परत आला. तो काही रागावला नाही, नुसतं म्हणाला की चहा करूया. ते जनावर तिथेच राहिलं. त्याचं मांस कोणाच्या पोटात गेलं नाही आणि मला ते अजूनही लागतं.

तेव्हापासून मी हे चार प्रश्न मोठ्याने म्हणतो, गाईडला ऐकू जातील असे. आत्ता पडला तर कुठे घरंगळेल? तिथे मी कुठल्या वाटेने जाणार? त्या वाटेवर बर्फ किंवा घसरण आहे का? अंधार पडायला किती वेळ आहे? एकाचं जरी उत्तर नीट नसेल तर रायफल खाली. जूनमध्ये पाचच्या सुमाराला अंधारतं, म्हणजे तीननंतर दिसलेला नर बहुतेकदा उद्याचा नर. आणि गाईड "नाही" म्हणाला की वाद नाही, कारण विचारायचं नाही, ते संध्याकाळी हटमध्ये विचारा, तेव्हा तो हाताने कडा काढून दाखवेल आणि त्यातून तुम्ही जे शिकाल ते कुठल्या व्हिडिओत नाही.

पडल्यानंतर

वरच्या बाजूने जवळ जा, रायफल तयार ठेवून, डोळ्याला काठीने हलकं टोचून बघा. खात्री झाली की रायफल रिकामी करून बाजूला. उतार असेल तर आधी जनावर दोरीने खडकाला किंवा आइस ॲक्सला बांधा, मग सुरी. नर ७० किलोच्या पुढे सहज असतो, अख्खा उचलता येत नाही, तिथेच कातडी सोडवून मागचे पाय, खांदे, पाठीचे लांब मांसल पट्टे काढायचे. डोकं आणि खांद्यापर्यंतची कातडी ट्रॉफीसाठी हवी असेल तर गाईडला काढू द्या, चुकीचा एक काप शिवता येत नाही. मांस कापडी पिशव्यांत, प्लास्टिकमध्ये नको, घाम सुटून खराब होतं. आणि जाण्याआधीच गाईडला विचारून ठेवा की त्या भागात १०८० हे विष टाकलंय का, डॉक त्याची यादी जाहीर करतं, टाकलं असेल तर तिथलं मांस खायचं नाही.

ट्रॉफी भारतात न्यायचा विचारही करू नका, तो आपल्याकडे संरक्षित प्राणी आहे. फोटो न्या.

माजातल्या नराच्या मांसाला उग्र वास असतो, त्याचा खिमा किंवा सॉसेज बरं लागतं. मादीचं किंवा तरुण जनावराचं मांस मात्र आपल्या मटणासारखंच, फक्त चरबी जवळजवळ नाही. आठवडाभर फ्रिजमध्ये उघडं मुरू द्यायचं, मग दही-आलं-लसूण लावून रात्रभर, आणि कांदा-सुकं खोबरं काळसर होईपर्यंत भाजून केलेलं वाटण. तेल नेहमीपेक्षा जरा जास्त लागतं. कुकरमध्ये सहा शिट्ट्यांऐवजी जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर अडीच-तीन तास ठेवा, तेव्हा हाडावरून सुटतं. विकायला परवानगी नाही, वाटायला आहे, तर एक मागचा पाय गाईडच्या घरी द्या आणि जमलं तर त्याच्याच स्वयंपाकघरात रस्सा करून घाला.